आधी हेडफोन, मग बाकीचं

संपादकांनी विचारलं होतं एवढंच, की हेडफोन, डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारं यंत्र), अँप यांत पैसे कसे वाटावेत. उत्तर दोन ओळींत संपलं असतं. पण परतवाड्याचा तबला शिकणारा एक मुलगा डोक्यातून जात नाही. जुना हेडफोन तसाच ठेवून त्याने साठवलेले वीस हजार डॅक-अँप आणि केबलवर घातले, आणि माझ्याकडे आला. “काऊन हो भाऊ, एवढे पैसे लावले तरी डग्गा घुमत नाही?”

कानावरच्या पॅडचं रेक्झिन सोललेलं, आतला स्पंज बसलेला. त्यात चष्म्याची काडी. दोन्ही तळव्यांनी कप कानावर दाबायला सांगितले, तसा डग्गा बोलू लागला. बंद हेडफोनमध्ये खर्ज टिकतो तो कोंडलेल्या हवेवर. फट पडली की आधी तोच गळतो. काहीशे रुपयांचे पॅड घातले, काम झालं. आता तो क्लासात सांगतो, डॅक वापरून वापरून ‘खुलला’. याचा मला खरोखर त्रास होतो.

आवाजात फरक पाडतो तो पडदा, कप आणि पॅड. चांगल्या साध्या डॅकमधले दोष कानाला कळण्याच्या खाली असतात. महाग हेडफोन म्हणजे चांगला, असंही नाही: येरून ब्रीबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोनांची मापं तपासली, तेव्हा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचा किमतीशी संबंध आढळला नाही.

अँपचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथे दुकानदारही चुकीचं सांगतात. सगळे वॉट विचारतात. विचारायचा तो आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे अँपच्या आउटपुटचे ओहम. जुन्या मिक्सरच्या हेडफोन सॉकेटमागे बऱ्याचदा शंभरेक ओहमचा रेझिस्टर असतो. समजा तो १२० आहे, हेडफोन ३२ ओहमचा आहे आणि खर्जाच्या एका पट्टीत तो १०० ओहमवर चढतो. मग ती पट्टी बाकीच्यांपेक्षा साडेसहा डेसिबलांहून जास्त फुगते. तेच अँप २ ओहमचं असेल तर फरक अर्ध्या डेसिबलच्याही आत राहतो. हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्शाहून अँपचे ओहम कमी हवेत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

व्होल्टेजचा प्रश्न वेगळा. सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा, १ व्होल्टला ९७ डेसिबल देतो. मोबाइलच्या डोंगलवर, म्हणजे छोट्या डॅक-अँपवर, रोजच्या ऐकण्याला तो चालतो. हळू आवाजात रेकॉर्ड झालेल्या जुन्या मैफिलींना कमी पडतो. तिथे अँप घ्यावं, आनंदाने घ्यावं.

त्या मुलाचे वीस हजार आज माझ्या हाती आले, तर पंधरा-सोळा हेडफोनला देईन. हेडफोन ३२ ओहमच्या आसपासचा, तोही चष्मा लावूनच कानावर बसवून पाहिलेला. हजार-दीड हजारांचं डोंगल. केबल डब्यातली. आणि त्याच दिवशी पॅडचा एक जादा जोड, कारण परतवाड्याच्या मे महिन्यातल्या घामात रेक्झिन टिकत नाही, आणि मॉडेल बंद पडलं की मापाचे पॅड शोधत फिरावं लागतं.