‘ऑल क्लिअर’च्या आधी

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोड्यांनी विनिंग पोस्ट ओलांडली की प्रेक्षकांची शर्यत संपते आणि स्टुअर्डांचं काम सुरू होतं. जॉकी खोगिरासह वजनाला जातो, तक्रार असेल तर नोंदवतो. ‘ऑल क्लिअर’ मिळेपर्यंत जिंकलेल्या तिकिटावर पैसे मिळत नाहीत. मुंबईच्या हिवाळी आणि पुण्याच्या पावसाळी हंगामात माझी नोकरी या चौकशीच्या खोलीत गेली. आता मी कसबा बावड्यात, घरी असतो.

बाजूने घेतलेल्या चित्रणावर फार भरवसा ठेवू नये. घोडा घोड्याला घासला की दोघांत हातभर जागा होती, हे समोरच्या कॅमेऱ्यातच कळतं. ‘घोडा आपणहून आत सरकला, साहेब,’ हे उत्तर ठरलेलं. अशा वेळी आम्ही जॉकीचे हात पाहायचो. उजव्या हातातल्या चाबकाचा फटका बसला की घोडा बहुधा डावीकडे झुकतो. त्याला सरळ ठेवायचं असेल तर जॉकी चाबूक थांबवतो, हात बदलतो, लगाम खेचतो. यातलं काहीच न करता तो मारत राहिला असेल, तर दोष घोड्याचा नाही.

यानंतरचा प्रश्न अवघड: आडकाठी झाली, पण तिने निकाल बदलला का? ४ मे २०१९च्या केंटकी डर्बीत ‘मॅक्सिमम सिक्युरिटी’ पहिला आला. वळणावर तो बाहेर सरकला आणि मागच्या घोड्यांची वाट अडली. सुमारे बावीस मिनिटं चित्रण पाहून स्टुअर्डांनी त्याला सतराव्या क्रमांकावर टाकलं आणि ‘कंट्री हाउस’ विजेता ठरला. ब्रिटनमध्ये अडवलेला घोडा एरवी पुढे आला असता का, हे पाहतात. तिथे बहुधा पहिला पहिलाच राहिला असता. मला ब्रिटनची पद्धत पटते, मात्र एका अटीवर: क्रमांक राखला तर जॉकीवरची बंदी जबर हवी. नाहीतर आडवं जाणं फायद्याचं ठरतं.

सगळ्यांत कठीण चौकशी म्हणजे घोडा मुद्दाम न पळवल्याची. तिथे धक्का दिसत नाही, साक्षीदार नसतो. घोड्याच्या आधीच्या शर्यती, बेटिंगमधली भावाची चढउतार, ट्रेनरने दिलेल्या सूचना, पशुवैद्याचा अहवाल, सगळं एकत्र ठेवून पाहावं लागतं. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने के. आर. लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला. माझ्या मते हे कौशल्य खरं राखण्याची जबाबदारी याच खोलीवर आहे.

आमच्या भागात जीव अडकतो तो बैलगाडीत. २०१४ची बंदी, १६ डिसेंबर २०२१ची सशर्त परवानगी आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने राखलेला कायदा, एवढ्या खटपटीनंतर ही शर्यत परत मिळाली. बैलांच्या छळाबाबत कायद्यात दंड आणि कैद दोन्ही आहे. पण गाडी चाकोरी सोडून दुसऱ्याच्या आड आली, तर अजूनही पंचांना गराडा पडतो आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं. पंचांना दोष देऊन उपयोग नाही. एका नजरेत एवढं दिसतच नाही.

बावड्यातल्या आणि पंचक्रोशीतल्या आयोजकांना माझी विनंती आहे. बक्षिसाच्या रकमेतून थोडे पैसे काढा. एक कॅमेरा निशाणापाशी आडवा लावा, दुसरा चाकोरीच्या समोर. दोन्ही गाडीवानांचं म्हणणं वेगवेगळं ऐका, निकाल कारणासह लिहून फलकावर लावा आणि तो लागेपर्यंत बक्षीस वाटू नका.