रुळाकाठचं रातापानी

बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने दिल्लीला गेलेल्या आपल्या मंडळींनी रातापानीचं जंगल पाहिलेलं असतं, फक्त त्यांना ते ठाऊक नसतं. इटारसीनंतर नर्मदेचा पूल ओलांडला, की बुधनीपासून गाडी विंध्याचा घाट चढू लागते. त्या वेळी आपण बहुधा जेवणाचे डबे उघडून बसलेलो असतो!

गेल्या हिवाळ्यात भोपाळला मुलाकडे गेलो, तेव्हा मात्र हे जंगल उतरून पाहायचं ठरवलं. सूनबाई धारवाडची. दांडेलीचं रान तिच्या ओळखीचं. पण दांडेलीचा ओलावा इथे नाही. सागाची कोरडी झाडं, वाळलेलं गवत, मधूनच वर आलेले वालुकाश्माचे कडे. जीपमध्ये नातू सारखा विचारत होता, "अज्जी, हुली एल्ली?" हुली काही दिसली नाही. धुळीत उमटलेला पंजा तेवढा वाटाड्याने दाखवला. नातू त्यावरही खूश!

परतताना भीमबेटका पाहिलं. भोपाळपासून हे ठिकाण सुमारे 45 किलोमीटरवर. गुहांच्या भिंतींवर हत्ती, हरणं, गवे आणि शिकारी, हजारो वर्षांपूर्वी रंगवलेले. 2003 मध्ये हा जागतिक वारसा ठरला. या चित्रगुहा जगापुढे आणल्या त्या उज्जैनच्या डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर या मराठी माणसाने. 1957 मध्ये आगगाडीच्या खिडकीतून त्यांना हे कडे दिसले. पुढे ते तिथे जाऊन पोचले. डिसेंबर 2024 मध्ये रातापानी मध्य प्रदेशातला आठवा व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हा त्याला वाकणकरांचंच नाव देण्यात आलं.

पण याच रुळांची दुसरी बाजूही वाटाड्याने सांगितली. जुलै 2024 मध्ये बुधनीजवळ मिडघाटात वाघिणीचे तीन बछडे गाडीखाली सापडले. एक जागीच गेला. दोन जखमींना खास एका डब्याची गाडी सोडून भोपाळला आणलं, वनविहारात उपचार केले. तेही वाचले नाहीत. तिसऱ्या मार्गाचं काम करताना जनावरांसाठी रुळाखालून वाटा ठेवण्यात आल्या आहेत. जनावर मात्र आपल्या जुन्याच वाटेने पाण्याला येतं.

लोंढ्याहून कॅसलरॉककडे जाणारी आपली गाडीही अशाच रानातून जाते. रेल्वे नको असं कोण म्हणेल? तिच्याशिवाय आपलं चालत नाही, आणि वाकणकरांना त्या गुहाही तिनेच दाखवल्या. पण घाटात गाडीचा वेग कमी झाला, की आपण कुरकुरतो. आता मी कुरकुरणार नाही. पाच-दहा मिनिटं उशिराने आपलं काय बिघडतं?

परतीच्या प्रवासात बुधनीच्या घाटात डबे बंदच ठेवले. नातू खिडकीला नाक लावून बसला होता. "हुली मलगिदे," तो हळूच म्हणाला. वाघ झोपलाय.