गोष्टीला लागेल तेवढा वेळ

पटकथालेखन शिकवताना विज्ञानकथांचा विषय निघाला की मी सुरुवात ‘स्टार ट्रेक’च्या मूळ मालिकेपासून करतो. 1966 ते 1969 या काळात तिचे 79 भाग झाले. प्रत्येक भागाला एकच ठरलेला तास, त्यातच जाहिराती, आणि शेवटी यान बहुतेक वेळा पुन्हा होतं तसं. एखादा भाग चुकला तरी प्रेक्षकाला पुढचा कळला पाहिजे, ही वाहिनीची गरज होती. त्या चौकटीत फार सुंदर कामं झाली. पण जिचे परिणाम पिढ्यान्‌पिढ्या पसरत जातात, अशी कल्पना तिथे मावत नव्हती.

स्ट्रीमिंगने ही चौकट सैल केली. ‘ब्लॅक मिरर’च्या चौथ्या सीझनमधला ‘मेटलहेड’ हा कृष्णधवल भाग 41 मिनिटांत संपतो, तर त्याच सीझनमधल्या ‘यूएसएस कॅलिस्टर’ला 76 मिनिटं लागतात. आज विज्ञानमालिकांत जे वैविध्य आलंय, त्याचं मूळ मला या मोकळिकीत दिसतं.

यातली माझी सर्वांत लाडकी मालिका ‘द एक्स्पान्स’. हिच्यातल्या यानांत कृत्रिम गुरुत्वाकर्षणाची सोय नाही. इंजिन जोर लावत असेल तेवढा वेळच माणसाला वजन. म्हणून यानाचे मजले इमारतीसारखे एकावर एक, आणि इंजिन तळाशी. इंजिन थांबलं की चुंबकी बुटांवर चालायचं. अर्धी वाट सरली की यान उलटं फिरवून वेग कमी करायचा. लघुग्रहांच्या पट्ट्यात वाढलेल्यांची हाडं नाजूक असतात. पहिल्याच भागात असा एक कैदी पृथ्वीवर चौकशीसाठी आणलेला दिसतो. त्याला फक्त टांगून ठेवलंय. छळ त्याच्याच वजनाने होतो. भौतिकशास्त्राच्या एका नियमातून मालक आणि मजुरांमधली दरी इतक्या सरळपणे उभी राहताना मी दुसऱ्या कुठल्या मालिकेत पाहिलेली नाही. या पट्ट्यातल्या लोकांची बोलीही निक फार्मर या भाषातज्ज्ञाने मुद्दाम घडवली. 2018 मध्ये मूळ वाहिनीने मालिका बंद केली, ती अ‍ॅमेझॉनने उचलली आणि सहा सीझन पूर्ण झाले.

दुसरं वैविध्य भाषांचं. 2016 मध्ये ब्राझीलची ‘थ्री पर्सेंट’ आली, पुढच्याच वर्षी जर्मनीची ‘डार्क’. ‘डार्क’मध्ये विंडेन नावाचं छोटं गाव, एक गुहा, एक अणुवीजकेंद्र आणि दर 33 वर्षांनी जुळणारा काळ, एवढंच भांडवल आहे. त्यातून चार घराण्यांचा गुंता 26 भागांत विणत नेलाय, आणि तो शेवटपर्यंत सुटतोही.

पण ‘डार्क’ घडवणाऱ्या जोडीची पुढची मालिका ‘1899’ एका सीझनवर बंद झाली. त्यांच्या मनात तीन सीझन होते. ज्या व्यवस्थेने गोष्टीला हवा तेवढा वेळ दिला, तीच तो अर्ध्यात काढून घेते, हे मला या काळाचं सर्वांत मोठं नुकसान वाटतं.

जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे यांच्या कथांवर वाढलेल्या वाचकाला या मालिका परक्या वाटणार नाहीत. या सुट्टीत ‘डार्क’ लावाच. डबिंग नको, मूळ जर्मन आवाज आणि सबटायटल्स ठेवा, आणि कोण कोणाचं कोण लागतं ते पहिल्या भागापासून कागदावर लिहीत चला.