मैदानावरचे पहिले शील

तथागतांच्या शिकवणुकीवर उभ्या असलेल्या शाळेत प्रहाराची विद्या शिकवावी काय, असा प्रश्न कराटेच्या एकदिवसीय शिबिराच्या निमित्ताने काही पालकांनी उपस्थित केला. प्रश्न प्रामाणिक होता. एका माउलीने तो सोप्या शब्दांत मांडला, "सर, सकाळी पंचशील म्हणायचं अन् दिवसभर ठोसे मारायचे, हे जुळतं कसं?" अशा प्रश्नाचे उत्तर कार्यालयात बसून देण्यापेक्षा मैदानावर शोधावे, असे आम्हास वाटले. म्हणून वयाच्या चोपन्नाव्या वर्षी आम्ही मुलांच्या शेवटच्या रांगेत उभे राहिलो.

पहाटे साडेपाचला त्रिशरण-पंचशील झाले आणि सहाला सराव सुरू झाला. कमरेच्या पट्ट्याची गाठ आम्हाला जमेना, तेव्हा सहावीतील एका विद्यार्थिनीने ती बांधून दिली आणि "सर, दोन्ही टोकं सारखी आली पाहिजेत," असे बजावलेही. दुपारपर्यंत मांड्या इतक्या भरून आल्या की, पिठलं-भाकरीच्या ताटापुढे मांडी घालून बसणे कठीण झाले.

प्रशिक्षकांनी शिकविलेल्या पहिल्या क्रमाचे नाव 'हेइआन शोदान'. हेइआन म्हणजे शांती. ओकिनावा बेटावरील इतोसु आन्को यांनी हे क्रम शाळकरी मुलांच्या शिक्षणात आणले. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी हे स्वतः शाळाशिक्षक. त्यांनी १९२२ मध्ये टोकियोत या कलेचे प्रात्यक्षिक दाखविले. पुढे 'कराटे' या शब्दासाठी त्यांनी 'रिकामा हात' असा अर्थ देणारी अक्षरे रूढ केली. त्यांतील 'रिकामे' दर्शविणारे अक्षरच चिनी-जपानी बौद्ध ग्रंथांत शून्यतेसाठी योजलेले आढळते. आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. या क्रमाची पहिली हालचाल वार करण्याची नाही, वार अडविण्याची आहे.

दुपारी जोड्या लावल्या. ठोसा पूर्ण ताकदीने न्यायचा आणि समोरच्याच्या चेहऱ्यापासून बोटभर अंतरावर थांबवायचा, असा नियम होता. नववीतील एका दणकट मुलाची मूठ समोरच्या किरकोळ मुलाच्या ओठाला लागली. प्रशिक्षक रागावले नाहीत. झाडाला टांगलेल्या कागदासमोर शंभर ठोसे स्पर्श न करता थांबव, मगच जोडीत ये, एवढेच त्यांनी सांगितले. कागदाला मूठ लागली की मोजणी पुन्हा एकपासून. तासाभराने तो घामाने निथळत परतला, त्याच मुलासमोर उभा राहिला, वाकून नमस्कार केला. या वेळी मूठ बोटभर अंतरावर थांबली. समोरच्या मुलाची पापणीही लवली नाही.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून त्या क्षणी आम्हास महाड आठवले. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर आपल्या माणसांवर हल्ले झाले, जेवणाच्या जागी घुसून मारहाण झाली. परिषदेस आलेल्यांत लष्करात नोकरी केलेली माणसे होती. प्रतिकाराचे बळ त्यांच्या मनगटात होते आणि मन संतापाने पेटले होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. ती शांतता दुबळ्यांची नव्हती. ज्याला हात उचलण्याची मुभाच नाही, त्याचे गप्प राहणे ही त्याच्यावर लादलेली लाचारी असते. हात उचलता येत असूनही जो तो रोखतो, तो पहिले शील पाळतो.

आपल्या परंपरेलाही हे नवे नाही. जोतीराव फुले लहुजी साळवे यांच्या तालमीत दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. त्याच जोतीरावांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. तालीम आणि शाळा यांचे वैर त्यांनी कधी मानले नाही.

आमच्या वसतिगृहातील मुली सुट्टीत एस.टी.ने एकट्या गावी जातात. वस्तीपासून फाटा दूर असतो आणि दिवस लवकर मावळतो. त्यांना पुस्तकांइतकाच ताठ कणा आणि मोकळा आवाज लागणार आहे. एका दिवसाच्या शिबिराने तो लाभत नाही, त्यासाठी वर्षभराचा सराव हवा. पोलीस दलात, सैन्यात वा आखाड्यात घडलेल्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातील एक रविवार या मैदानास द्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे. मागची रांग आम्ही राखून ठेवू.

जयभीम.