कुंपणाखालून जाणारा प्राँगहॉर्न

कर्जत, जि. अहिल्यानगर
२० जानेवारी

चि. सायली हिस,


तू पाठवलेला व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. वायोमिंगमधल्या तुमच्या लॅरमीबाहेरचा बर्फाळ माळ, काटेरी तारेचं कुंपण आणि गुडघे टेकून, पाठ खरवडून घेत तारेखालून पलीकडे जाणारा तो कळप. खाली तू विचारलं आहेस, ‘मामा, ही हरणं उडी का मारत नाहीत? आपली रेहेकुरीची काळविटं तर केवढी उंच उडतात!’ प्रश्न नेमका आहे. त्याचं उत्तर फार जुन्या काळापासून सुरू होतं, ते फोनवर टाइप करण्याजोगं नाही, म्हणून पत्र लिहायला बसलो.

त्या प्राण्याचं नाव प्राँगहॉर्न. वायोमिंगमध्ये लोक त्याला सरसकट अँटेलोप म्हणतात, पण तो हरीण नाही आणि आपल्या काळवीट-चिंकाऱ्यांचा भाऊबंदही नाही. शिंगांवरून ओळख पटते. चितळ-सांबराची शिंगं भरीव हाडाची असतात आणि दरवर्षी मुळापासून गळतात. काळवीट, गाय, शेळी यांच्या शिंगात आत हाड आणि वर नखाच्या द्रव्याची खोळ असते, ती जन्मभर राहते. प्राँगहॉर्नचं शिंगही हाडावर खोळ असंच, पण नराच्या त्या खोळीला पुढे एक फाटा फुटलेला असतो आणि माजाचा हंगाम सरला की तो ती टाकून देतो. हाड तसंच राहतं, त्यावर नवी खोळ चढते. तुझ्या व्हिडिओतल्या नरांची शिंगं आखूड दिसतात, कारण जानेवारीत ती नुकती वाढायला लागलेली असतात.

अशा वेगळेपणामुळे शास्त्रज्ञांनी त्याला स्वतंत्र कुळ दिलं, अँटिलोकॅप्रिडी. त्या कुळात आज हा एकटाच आहे. एके काळी घर भरलेलं होतं. कुळ उत्तर अमेरिकेत जन्मलं, तिथेच फोफावलं, त्या खंडाबाहेर कधी गेलं नाही. हेक्झामेरिक्स नावाच्या एकाच्या डोक्यावर शिंगांची सहा टोकं होती. इलिंगोसेरॉसची शिंगं पिळाची होती. स्टॉकोसेरॉसला चार टोकं. कॅप्रोमेरिक्स तर आपल्या चिंकाऱ्याहूनही लहान. शेवटचं हिमयुग ओसरताना, बारा-तेरा हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराला, अमेरिकेतले मॅमथ, उंट, घोडे संपले, तेव्हाच या कुळातले उरलेसुरले भाऊबंदही गेले. जनुकांवरून शोध घेतला तेव्हा प्राँगहॉर्नचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग निघाले ते आफ्रिकेतले जिराफ आणि ओकापी! इतक्या लांबचं नातं सांगणारा दुसरा प्राणी त्या माळावर तुला सापडणार नाही.

आता वेगाचं. चित्त्यानंतर जमिनीवरचा सर्वांत वेगवान प्राणी म्हणून प्राँगहॉर्नचंच नाव घेतात. ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरपर्यंत तो पळतो. चित्ता काहीशे मीटरांत दमतो. प्राँगहॉर्न थोडा वेग कमी करून कित्येक किलोमीटर तसाच पळत राहतो. १९९१ मध्ये ‘नेचर’मध्ये एक अभ्यास आला होता. संशोधकांनी प्राँगहॉर्नना चक्क ट्रेडमिलवर पळवून ते किती प्राणवायू वापरतात ते मोजलं. त्या आकाराच्या सस्तन प्राण्याकडून अपेक्षित असतो त्याच्या तिपटीहून अधिक भरला. कुठली जादू नव्हती. फुप्फुसं मोठी, हृदय मोठं, रक्त आणि स्नायू प्राणवायू वाहून नेण्यात तरबेज. प्रत्येक अवयव थोडा थोडा अधिक चांगला, एवढंच.

पण हे सगळं कशासाठी? तुमच्याकडचे कोल्हेवजा कायोट त्यांची पाडसं उचलतात, सोनेरी गरुड उचलतात. धडधाकट प्रौढ प्राँगहॉर्नला सपाटीवर पळून गाठेल असा एकही शिकारी आज अमेरिकेत नाही. जॉन बायर्स या शास्त्रज्ञाने मोंटानात वर्षानुवर्षं या प्राण्यांचा अभ्यास केला आणि १९९७ मध्ये पुस्तक लिहून मांडलं की हा वेग गतकाळच्या शिकाऱ्यांसाठी कमावलेला आहे. त्या काळी अमेरिकेत एक चित्त्यासारखं जनावर होतं, मिरॅसिनोनिक्स. नात्याने ते प्यूमाच्या जवळचं, अंगकाठीने चित्त्याच्या. ते गेलं, त्याला घाबरून पळणारा राहिला.

हे मत सर्वांना मान्य नाही. मोहावी वाळवंटात सापडलेल्या प्राँगहॉर्नच्या पूर्वजांची घोट्याची हाडं अलीकडे मोजली गेली. पळण्याची घडण त्या हाडांत मिरॅसिनोनिक्स अवतरण्याच्या कित्येक लाख वर्षं आधीपासूनच दिसते. मला वाटतं, दोन्ही बाजूंत तथ्य असावं. मोकळ्या माळाने पळणारं शरीर घडवलं आणि मागे लागलेल्या दातांनी ते ढिलं पडू दिलं नाही. आपल्याकडे याला जोड आहेच. काळवीट चित्त्यापुढे पळत आलं. कोल्हापूर संस्थानात तर चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवत. भारतातला चित्ता १९५२ मध्ये नामशेष जाहीर झाला. रेहेकुरीचं काळवीट आजही तसंच पळतं.

आणि इथेच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. काळविटाच्या वाट्याला झुडपं, बांध, ओघळ असलेला मुलूख आला, त्याला उडीची सवय आहे. प्राँगहॉर्नचा माळ शेकडो कोस मोकळा. त्याचा बचाव म्हणजे मोठमोठ्या डोळ्यांनी लांबचं पाहणं, शेपटीकडचे पांढरे केस फुलवून कळपाला इशारा देणं आणि पळणं. समोर छातीएवढी आडवी वस्तू येऊन ती ओलांडावी लागेल, असा प्रसंगच लाखो वर्षं आला नाही. त्याला उडी मारता येतच नाही असं नाही, क्वचित एखादा मारतोही. पण वाट अडली की त्याचं डोकं आधी खाली जातं, तो फट शोधतो.

अडचण अशी की फट नेहमी नसते. काटेरी तारेचं प्रसिद्ध पेटंट १८७४ चं. त्याच्या सहा वर्षं आधी युनियन पॅसिफिक रेल्वे लॅरमीला पोचली होती. रेल्वे, बंदुका आणि तार तिन्ही जवळपास एकाच पिढीत आले. कोट्यवधी असलेले प्राँगहॉर्न १९२० च्या दशकापर्यंत काही हजारांवर आले. मग शिकारीवर बंधनं आली, नेवाडात शेल्डन आणि ओरेगॉनमध्ये हार्ट माउंटन अशी अभयारण्यं झाली, परवान्याच्या पैशातून संरक्षण उभं राहिलं. आज ते पुन्हा लाखांत आहेत आणि त्यातले निम्म्याच्या आसपास तुमच्या एकट्या वायोमिंगमध्ये. बंदुकीचा प्रश्न माणसाने सोडवला, तारेचा राहिला.

हिवाळ्यात तो जीवघेणा होतो. बर्फ जास्त पडला की त्यांना खाली, वाऱ्याने बर्फ उडून सेजब्रशची झुडपं उघडी राहतात अशा जागी जावं लागतं. त्याच बर्फाने तारेखालची फट भरलेली असते. कळप कुंपणाच्या कडेकडेने चालत राहतो आणि थकतो. तुमच्या गावावरून जाणाऱ्या इंटरस्टेट ८० च्या दोन्ही बाजूंना कुंपण आहे. गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधलेले प्राँगहॉर्न त्या रस्त्यापाशी येऊन मागे फिरतात, असं अभ्यासात वारंवार दिसलं आहे. २०२२-२३ च्या हिवाळ्यात पश्चिम वायोमिंगमधला एक मोठा समूह थंडीने आणि रोगाने जवळपास निम्मा झाला.

लॅरमीच्या पश्चिमेला रॉलिन्स गाव आहे, त्याजवळ रेड रिम नावाचा भाग. तिथली हकिकत तुला ठाऊक असायलाच हवी. रेल्वेला सरकारने एकाआड एक चौकोन जमीन दिली होती, त्यामुळे तिथे खासगी आणि सरकारी जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी आहे. १९८३ मध्ये एका जमीनमालकाने तिथे सुमारे पंचेचाळीस किलोमीटर लांबीचं, पाच फूट उंच जाळीचं कुंपण घातलं. ते खासगी चौकोनांत होतं, पण आतली सरकारी जमीनही कोंडली गेली. ती प्राँगहॉर्नची हिवाळी चराईची जागा होती. त्या हिवाळ्यात प्राणी जाळीशी अडून राहिले, उपासमारीने मेले. खटला झाला. सरकारी जमिनी बळकावणाऱ्या मोठ्या पशुपालकांना आळा घालायला १८८५ मध्ये केलेला कायदा पुढे आला. १९८८ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की सरकारी जमिनीवर वन्यप्राण्यांना जाण्यापासून रोखणं हेही या कायद्याने चूक आहे. कुंपण काढा, नाहीतर बदला. शंभर वर्षं आधी गुरांवरून झालेला कायदा एका रानटी जनावराच्या बाजूने उभा राहिला. कायद्याच्या इतिहासात माणसं अशाही गोष्टी घडवतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

पाइनडेलजवळचा ट्रॅपर्स पॉइंटही तू कधी पाहा. ग्रँड टीटॉनच्या डोंगरांतून ग्रीन नदीच्या खोऱ्यात उतरणारे कळप तिथल्या अरुंद जागेतून जातात. तिथे उत्खननात सहा हजार वर्षांपूर्वीच्या शिकारीची हाडं मिळाली, त्यांत न जन्मलेल्या पाडसांचीही होती. त्यांच्या वाढीवरून कळलं की तेव्हाही कळप आजच्याच ऋतूत, त्याच वाटेने जात होते. २००८ मध्ये त्या वाटेच्या जंगलातल्या पट्ट्याला अमेरिकेच्या वनखात्याने संरक्षण दिलं. २०१२ मध्ये महामार्गावर प्राण्यांसाठी मातीने झाकलेले दोन पूल बांधून झाले. महामार्गाखालून भुयारी वाटाही आहेत. हरणं भुयारांतून जातात. प्राँगहॉर्न पुलावरून जातात, कारण त्यांना वरून लांबचं दिसावं लागतं.

याउलट आपलं रेहेकुरी पाहा. ते १९८० मध्ये अभयारण्य झालं, तेही जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. काळवीट तेवढ्यावर जगलं, वाढलं, आता भोवतालच्या शेतांतही दिसतं. प्राँगहॉर्नला एवढ्या जागेत सांभाळता येणार नाही. त्याला चालत राहावं लागतं. आणि काळवीट गेलं तर जगाचं अतोनात नुकसान होईल, तरी त्याच्या कुळात गाईपासून चौशिंग्यापर्यंत शंभरावर जाती उरतील. प्राँगहॉर्न गेला तर त्या कुळात कोणीच उरणार नाही.

उपाय मात्र साधा आहे. कुंपणाची सर्वांत खालची काटेरी तार काढायची, तिच्या जागी बिनकाट्यांची गुळगुळीत तार जमिनीपासून सोळा ते अठरा इंच उंचीवर बांधायची. गुरं आतच राहतात आणि प्राँगहॉर्न खालून जातो. उन्हाळ्यात रँचवाल्यांच्या परवानगीने हे काम करायला स्वयंसेवक जातात. तुमच्या विद्यापीठातल्या वन्यजीव विभागात चौकशी कर, ते तुला कुणाबरोबर जायचं ते सांगतील. जाड हातमोजे घे, मैत्रिणींनाही ने, आणि या उन्हाळ्यात एक शनिवार तरी त्या कामाला दे.

तुझा,
मामा