पंख्याची घरघर

माळव्यातल्या रात्री थंड, अशी जुनी ख्याती आहे. ‘शबे-मालवा’चे कौतुक ऐकतच आम्ही इंदूरकर लहानाचे मोठे झालो. गेल्या मे महिन्यात मात्र आमच्या घरची रात्र दहाच्या ठोक्याला घरघरू लागे. शेजारच्या खोलीत नातू संगणकावर खेळावयास बसला, की पाच-दहा मिनिटांतच त्या पेटीतले पंखे असे घोंगावत, की पिठाची गिरणीच सुरू झाली असे वाटावे. त्याच्या स्वतःच्या कानांवर हेडफोन. त्याला त्याचा पत्ताही नसे. इकडे सौभाग्यवती नुकतीच आजारातून उठलेली, तिचा डोळा म्हणून लागेना. एके रात्री मी तडक जाऊन बटणच बंद केले. नातू काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी सौभाग्यवतीच म्हणाली, “अहो, तो एकटा थोडाच खेळतो? तिकडून त्याचे बाबा खेळत असतात.” मुलाची बदली गुवाहाटीला झाल्यापासून बापलेकांची रोजची भेट ती एवढीच : रात्रीचा एक तास, खोट्या रणांगणावर. मी ओशाळलो. घरात झोपही हवी होती आणि ती भेटही. तेव्हा बंदोबस्त करावयाचा तो आवाजाचाच.

माझी सारी नोकरी विजेच्या खात्यात गेली. नातवाला म्हटले, “चल, तुझे यंत्र दाखव मला.” त्याची कळी खुलली. पडद्यावरची चित्रे काढते ते ग्राफिक्स कार्ड. त्याचे ‘आरटीएक्स ३०६०’ जातीचे. पूर्ण भारावर ते १७० वॅट वीज खाते, म्हणजे छताचे दोन जुने पंखे चालतील त्याहून अधिक. आणि ती सारी वीज अखेर उष्णताच होऊन खोलीत उतरते. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता ८३ अंश. मी दचकलो. तो म्हणाला, “आजोबा, याची मर्यादा ९३ आहे.” म्हणजे यंत्राला घरघर लागली नव्हती, ती लागू नये म्हणूनच पंखे जिवाच्या आकांताने फिरत होते!

मग कारणे शोधू लागलो. पेटी मेजाच्या बंद कप्प्यात कोंडलेली. स्वतःच सोडलेली गरम हवा ती पुन्हा ओढून घेई. ती बाहेर काढून भिंतीपासून हातभर दूर ठेवली. वीज तोडून झाकण उघडले, तो धातूच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदाच बसलेला! पंखे भरमसाट फिरू नयेत म्हणून बोटाने धरून ठेवले आणि मऊ कुंचल्याने व फुंकणीने सारे स्वच्छ केले. तीच खोली, तोच उकाडा. आकडा ७६ वर आला.

खरा उतारा पुढेच होता. नातवाचा पडदा सेकंदाला ६० चित्रेच दाखवू शकतो. कार्ड मात्र १४० काढीत होते. उरलेली ८० कोणाच्याही दृष्टीस न पडता वाया जात, आणि त्यांच्यापायी वीज जळे, पंखे ओरडत. खेळाच्या मांडणीत ६० ची मर्यादा घातली आणि आकडा ६५ वर उतरला. पंख्यांनाही थोडी शिस्त लावली. पंख्याची गती दुप्पट केली, तर वारा सुमारे दुप्पटच मिळतो. आवाज मात्र १५ डेसिबलच्या आसपास चढतो. म्हणून चार अंश अधिक सोसून गती कमी ठेवणे शहाणपणाचे. शिवाय कानाला जाचते ती एकसारखी गुणगुण नव्हे, सतत होणारी चढउतार. ती टळावी म्हणून पंख्यांची गती हळूहळू बदलेल, अशी योजना केली.

त्या रात्री साडेदहाला मी मुद्दाम भिंतीला कान लावला. पलीकडे मंद गुणगुण होती, आणि तिच्यातून नातवाचे दबके हसू येत होते. सौभाग्यवती शांत झोपली होती. इतके दिवस मी पंखाच तेवढा ऐकत होतो. ते हसू त्याच्याखाली रोजच असले पाहिजे.