खाई त्याला खवखवे

ही म्हण ज्याने केली त्याचा घसा खवखवला असणार. माझ्या बाबतीत खातं तोंड आणि खाजतात डोळे! तेही फक्त कोळंबीने. बांगडा, सुरमई, पापलेट यांच्याशी माझे संबंध अत्यंत सलोख्याचे आहेत. पण कोळंबी पोटात गेली, की अर्ध्या तासात पापण्या टम्म फुगतात आणि आरशात मुलीच्या पाठवणीला रात्रभर रडलेला वधुपिता दिसू लागतो.

असे डोळे घेऊन काउंटरवर बसलं, की काही ग्राहक 'डोळे आले वाटतं' म्हणून स्लिप लांबूनच सरकवतात. पेन्शनर मंडळी हळूच विचारतात, "घरी सगळं ठीक ना?" एकाने तर "रोज घेता का?" असंही विचारलं.

'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या पिर्के डॉक्टरांनी १९०६ साली काढला. त्याआधी माझ्यासारख्याची दृष्टच काढली असती. आमच्या डॉक्टरांनी मात्र नीट उलगडा केला. कोळंबीत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं. माझं शरीर त्याला दरोडेखोर समजतं आणि हिस्टामिनचा भोंगा वाजवतं. मग रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं. पापणीची कातडी पातळ आणि सैल, म्हणून सूज तिथे चटकन दिसते. (आमच्या शाखेतला धोक्याचा भोंगाही असाच हळवा आहे. झुरळ फिरलं तरी वाजतो.) गंमत म्हणजे या प्रथिनाची सख्खी भावंडं झुरळात आणि धुळीतल्या किड्यांतही असतात. तेव्हा रेकॉर्ड रूममध्ये माझे डोळे चुरचुरतात त्याला शास्त्राधार असू शकतो. मॅनेजरसाहेबांना तो मान्य नाही.

माझी सासुरवाडी मालवणची. तिथे जावयाने कोळंबीला नाही म्हणणं हा कुळाचा अपमान! "एका सुंगटान काय होता? बरी शिजवलंय," असं म्हणत सासूबाई पळी पुढे करायच्या. हे प्रथिन शिजवून मरत नाही, हे त्यांना कोण सांगणार? शेवटी मी डॉक्टरांचं वाक्यच ऐकवलं : "आज डोळे सुजले, उद्या घसा सुजेल. आवाज बसला, श्वास लागला, चक्कर आली, तर थेंब-गोळ्यांत वेळ घालवू नका. ॲड्रेनालिनचं इंजेक्शन आणि तडक इस्पितळ."

पळी हवेतच थांबली. "माझ्या चेडवाचा काय झाला असता!" म्हणत सासूबाई मटकन पाटावर बसल्या. आता तिथे माझ्यासाठी कढई वेगळी, पळी वेगळी. माझ्या वाटणीची कोळंबी मेहुणा खातो. डोळे मिटून.